"बटण दाबलं तरी उचलत का नाही?"

आज एका मुलाने चिडून विचारलेला हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. समोर 'फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड' हा कुस्तीचा व्हिडिओ गेम चालू होता, सामन्याला अर्धं मिनिटही झालं नव्हतं आणि तो थेट प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवरचं गोलाचं बटण बडवत होता. म्हणजे मोठा डाव. दर वेळी पलटी खाऊन तोच मॅटवर.

या गेममध्ये दोघं जवळ आले की आपोआप भिडतात. पकड बसते त्या एका क्षणी, एकदाच बटण दाबायचं. बडवत राहिलं की हमखास हरतो. आधी चौकोन, म्हणजे छोटे डाव. समोरचा थकला की फुलीचे मधले, आणि गोल अगदी शेवटी. मध्येच लांब सरकून दम घ्यायचं वेगळं बटणही आहे. नवे खेळाडू ते विसरतात आणि दहाव्या मिनिटाला पैलवान गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकतो!

मला खरेपणा इथे दिसतो. चित्रं साधी, द्विमितीय आहेत, पण सामना खऱ्यासारखा चढत जातो. 2000 सालच्या 'नो मर्सी' या कुस्तीच्या गेममध्येही बटण टिचकावलं तर हलकी पकड, दाबून धरलं तर घट्ट. एवढ्यावर तो गेम लोक अजून खेळतात.

घामाचे थेंब, टॅटू, प्रवेशाची आतषबाजी हे सगळं आताच्या कुस्तीच्या गेममध्ये हुबेहूब असतं. पण पहिल्याच मिनिटाला फिनिशर, म्हणजे सामना संपवणारा डाव, बसत असेल, तर त्या सामन्यात उरलं काय?

तुम्ही कोणता गेम खेळता, आणि त्यात दम लागतो का?