तुम्ही विचारलंत म्हणून: मांडीची जखम उघडी का नाही ठेवली?

माझ्या पायावर कातडी बसवली, ती माझ्याच मांडीवरून काढली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तरी लिफ्टपासून दादरच्या लग्नाच्या हॉलपर्यंत तोच प्रश्न: "झाकून कशाला ठेवलीस? हवा लागली की खपली धरते."

धरते ना. पण नव्या कातडीला त्या खपलीखालून वाट काढावी लागते. ओलाव्यात ती सहज पसरते. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या उथळ जखमांवर दाखवलं, की प्लास्टिकच्या पातळ पडद्याखाली कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने येते. आमच्या मावशीपर्यंत ते अजून पोचायचंय.

पाय फारसा दुखला नाही. दुखली मांडी, कारण वरचा पापुद्रा गेला की संवेदनेच्या नसांची टोकं उघडी पडतात. तिथे व्हॅसलीन लावलेली कापडी जाळी, वर गॉज आणि कापूस. जाळी आपोआप सुटेपर्यंत हात लावायचा नाही, भिजलेला वरचा थर तेवढा बदलायचा, असं सर्जननी बजावलं होतं. पण जुलै, घाम, वास. घराजवळच्या नर्सिंग होममधला ड्रेसिंगवाला म्हणाला, "मावशी, आत बघायला नको का?" आणि जाळीचा कोपरा चिमट्यात धरला. जाळी भिजवून सुटी करायला सलाईनची बाटली ट्रेमध्येच होती. ओतली नाही. सर्रकन ओढलं. रक्ताचे ठिपके आधी मोहरीएवढे, मग एकमेकांत मिसळून चादरीवर. मी ओरडले नाही, असं घरी सांगते. खालच्या मेडिकलवाल्यालाही ऐकू गेलं असेल. "झालं, झालं," म्हणत त्याने वर कोरडाच गॉज दाबला, तोही चिकटणार, म्हणजे पुढच्या खेपेचीही सोय!

त्या रात्री मीच म्हणत होते, कसलंच ड्रेसिंग नको, पंख्याखाली पडून राहते. त्या रात्रीच्या मला आज काय सांगू? झाक म्हणू, तर झाकलेलंच ओढून काढलं होतं. विंटर यांच्यासारखी प्लास्टिकची फिल्म लावली असती, तर खाली पाणी साठून गळलं असतं. आपल्याच सायन हॉस्पिटलात डॉ. माधुरी गोरे यांनी कातडी काढलेल्या अशा जागांवर केळीचं पान आणि व्हॅसलीन गॉज (तीच जाळी) यांची तुलना केली; पान चिकटत नाही, काढताना दुखत नाही. (निर्जंतुक केलेलं पान. बाजारातून आणून लावू नका.) म्हणजे उघडी की झाकलेली, यापेक्षा काढताना काय होतं ते विचारा ना!

आमचे हे म्हणतात, डाग कसाही राहिलाच असता. असेल. पण तो कोपरा अजून वेगळा दिसतो, आणि तो ओढल्यामुळेच का, यावरून आमचं अधूनमधून वाजतं.