टीव्हीमागचा गुंता

टीव्हीमागच्या वायरी तुम्ही आवरता कशा, असं मला बरेच जण विचारतात. विचारणाऱ्याला बहुधा वायरी लपवायची युक्ती हवी असते. मी सांगतो, लपवायचं नंतर बघू, आधी कुठली वायर कशाची ते कळू दे. हे शहाणपण मला वायरी बांधायच्या प्लॅस्टिकच्या टायच्या एका पाकिटामुळे आलं.

पहिल्यांदा आवरायला घेतलं तेव्हा मी सगळ्या वायरी एकत्र धरून वीत-वीत अंतरावर टाय आवळले. मागून बघावं तर वेणी घातल्यासारखं देखणं. नव्या साउंडबारची वायरही त्याच वेणीत गुंफली आणि मग तो चालू केला. आवाज आपला टीव्हीतूनच! सेटिंगं पालथी घातली, काही उपयोग नाही. शेवटी मोबाइलचा उजेड टीव्हीच्या पाठीवर मारला, तर एचडीएमआयचे तीन पोर्ट, तिन्ही दिसायला सारखे, पण दुसऱ्याशेजारी बारीक अक्षरांत ‘एआरसी’. माझी वायर पहिल्यात. ती इंचभर सरकवायची तर वेणीतून सुटेना. टाय कापता कापता कात्रीने दुसऱ्याच एका वायरीचं कातडं सोललं.

एरवी एचडीएमआयमधून चित्र आणि आवाज टीव्हीत येतात. एआरसीच्या पोर्टमधून टीव्हीचा आवाज उलट बाहेरही जातो. ही सोय २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आली; त्याआधी आवाजासाठी ऑप्टिकल (प्रकाशातून आवाज नेणारी) किंवा तांबडी-पांढरी वायर वेगळी ओढावी लागे. नुसतं पोर्ट बरोबर असून भागत नाही, टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसीही, म्हणजे जोडलेली यंत्रं एकाच रिमोटने चालवायची सोय, चालू असावं लागतं. प्रत्येक कंपनी त्याला स्वतःचं वेगळं नाव देते, त्यामुळे ते सापडेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. पण एकदा जमलं की टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो.

वायर महाग घ्यावी का? दोन मीटरच्या साध्या वायरीला सोन्याचा मुलामा देऊन चित्र उजळत नाही. फोर-के चित्र सेकंदाला साठ फ्रेमने बघायचं तर सेकंदाला १८ गिगाबिट माहिती नेणारी वायर पुरते. गेमिंग कन्सोल १२० फ्रेमवर चालवणार असाल तरच ४८ गिगाबिटची, म्हणजे ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लिहिलेली घ्या. आणि स्ट्रीमिंगची स्टिक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर आधी ती टीव्हीच्या यूएसबीवर चालतेय का ते बघा. तिथून बऱ्याचदा ५०० मिलिअँपिअरच वीज मिळते, तेवढी तिला पुरत नाही. तिचा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर लावा.

आता आवरायचं. सगळं उपसून जमिनीवर मांडा. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा, आणि अ‍ॅडॉप्टरला तर लावाच लावा. काळे ठोकळे सगळे सारखे दिसतात, पिनाही एकमेकांत बसतात. पण एक १२ व्होल्टचा, दुसरा ५ चा. अदलाबदल झाली तर यंत्र जळू शकतं. बांधायला वेल्क्रोच्या पट्ट्या, टाय नकोत. विजेच्या वायरी एका बाजूने, बाकीच्या दुसऱ्या बाजूने. ऑप्टिकलला काटकोनात दुमडू नका, आत तंतू असतो. आणि टीव्ही पुढे ओढता येईल एवढी ढील ठेवा. ही ढील लोकांना गबाळी वाटते. वाटू दे.

मध्यंतरी सेट टॉप बॉक्स बदलायला माणूस आला तेव्हा मी बाहेर होतो. आईला फोनवर म्हटलं, “जिच्यावर ‘बॉक्स’ लिहिलंय ती एचडीएमआयची वायर त्यांना दाखव.”

“अरे, इथे तर दोन चिठ्ठ्या आहेत. कुठली दाखवू?”

“आई, ती एकाच वायरीची दोन टोकं आहेत.”

“मग एवढं दोनदा कशाला लिहितोस?”