दुःख, देव आणि पंडिता रमाबाई

जगात एवढा दुष्टपणा आणि एवढे दुःख असताना देव प्रेमळ आहे असे कसे म्हणावे, हा प्रश्न मनात येतो तेव्हा मला पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले, आणि एवढे सोसल्यावर १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या देवावर त्यांनी भरवसा ठेवला, तो त्यांना सुखाच्या दिवसांत भेटलेला नव्हता.

दुःखाचे कारण बायबलमधल्या ईयोबालाही, म्हणजे निरपराध असून सर्व काही गमावलेल्या माणसालाही, सांगितले गेले नाही. वधस्तंभावर खुद्द येशूने बायबलमधल्याच बाविसाव्या स्तोत्रातील शब्दांत आक्रोश केला: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" माझ्या विश्वासाचा आधार इथेच आहे, कारण या देवाने आपले दुःख दुरून पाहिले नाही, तर ते स्वतःच्या देहावर घेतले. म्हणूनच शोक करणाऱ्याला "देवाची इच्छा" म्हणून गप्प करणे मला अजिबात मान्य नाही. ज्याचा भरवसा आहे, तोच देवाला जाब विचारतो.

रमाबाईंचा भरवसा हातांतून दिसला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी मुली आणि विधवा आणल्या, आणि केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना आसरा मिळाला. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.