मिशिगन हरलं ती दुपार

१ सप्टेंबर २००७, शनिवार. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बरमधल्या एका पुनर्वसन केंद्रात मी फिजिओथेरपिस्ट होते आणि त्या दिवशी माझी ड्युटी होती. मिशिगन विद्यापीठाचा मोसमातला अमेरिकन फुटबॉलचा पहिला सामना दुपारी बाराला सुरू व्हायचा होता. स्टेडियममध्ये १,०९,२१८ लोक, म्हणजे जवळजवळ शहराच्या लोकसंख्येएवढे. सामना दाखवणारी बिग टेन नेटवर्क ही वाहिनी दोनच दिवसांपूर्वी सुरू झालेली, आमच्या केबलवर ती नव्हतीच. म्हणून खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांच्या खोलीत रेडिओ लागला. त्यांनी आयुष्यभर शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवलेलं, त्यामुळे सगळा मजला त्यांना ‘कोच’ म्हणायचा. त्यांना वॉकर धरून चालवायचं काम माझं. “सामना संपला की हवं तेवढं चालव,” असं त्यांनी आधीच ठरवून टाकलं.

समोर होतं अ‍ॅपलेशियन स्टेट, नॉर्थ कॅरोलिनातल्या बून या डोंगरातल्या गावचं, खालच्या विभागात खेळणारं. मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर. वरच्या विभागातल्या संघाला ८५ शिष्यवृत्त्या देता येत, खालच्याला ६३. अशा संघांना मोठी विद्यापीठं चांगले पैसे देऊन बोलावतात, मोसमाची सुरुवात विजयानं व्हावी म्हणून. कोच मात्र सकाळपासून बजावत होते, “ही पोरं लागोपाठ दोन वर्षं त्यांच्या विभागात पहिली आलीयत. त्यांना जिंकायची सवय आहे.”

मिशिगननं पहिले गुण घेतले. लगेच पाहुण्यांचा डेक्स्टर जॅक्सन चेंडू घेऊन सुटला, ६८ यार्डांचा टचडाउन, म्हणजे चेंडू थेट समोरच्या टोकाच्या रेषेपार. कोचनी जेवणाच्या ट्रेवर औषधांचे छोटे कप मांडले.

“हे बघ. आपली माणसं या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरली, की अडवणाऱ्यांनाही पसरावं लागतं. मधे वाट पडते. मग क्वार्टरबॅकनं, म्हणजे डाव चालवणाऱ्यानं, फक्त कडेच्या या एकावर नजर ठेवायची. तो आत धावला तर चेंडू स्वतःकडे ठेवायचा, जागेवर थांबला तर पळणाऱ्याच्या हातात द्यायचा.”

त्या कपांमुळे मला पहिल्यांदा हा खेळ उलगडला. मिशिगनचे बचावपटू दांडगे होते, पण धडक द्यायला समोर कुणी उभंच राहत नव्हतं. पाहुण्यांचा क्वार्टरबॅक आर्मंटी एडवर्ड्स हे इतक्या चपळाईनं करत होता की मध्यंतराला गुणफलक २८-१७ असा अ‍ॅपलेशियनच्या बाजूनं होता.

शेवटची पाचेक मिनिटं उरली असताना मिशिगनचा माइक हार्ट ५४ यार्ड धावला. मिशिगन ३२-३१. नर्सेसचा जल्लोष कॉरिडॉरभर घुमला. कोच गप्प. टचडाउननंतर साध्या किकचा एक गुण घ्यायचा सोडून मिशिगननं दोनदा दोन गुणांचा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा हात हलवत परतले होते. ते दोन गुण असते तर ३४ झाले असते, मग फील्ड गोलनं, म्हणजे खांबांमधून मारलेल्या तीन गुणांच्या किकनं, फार तर बरोबरी झाली असती.

मिशिगनची एक किक अडवली गेली. अ‍ॅपलेशियनकडे घड्याळ थांबवायला टाइमआउट उरला नव्हता, तरी ते मैदानभर चालून आले. २६ सेकंद बाकी असताना ज्युलियन राउचनं २४ यार्डांवरून किक मारली, ३४-३२. मिशिगननं एक लांब पास टाकून पुन्हा किकच्या टप्प्यात गाठलंच. सहा सेकंद, ३७ यार्ड, शेवटची किक. पाहुण्यांच्या कोरी लिंचनं ती अंगावर घेऊन अडवली.

लहानपणापासून मिशिगनवर जीव टाकणाऱ्या कोचचे डोळे भरले होते. तरी ते म्हणाले, “शिकवलेलं सगळं तंतोतंत केलं त्या पोरांनी.” मग वॉकर मागितला. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत आम्ही चालत गेलो. वाटेत भेटेल त्याला ते रंगून एडवर्ड्सचे डावपेच समजावत होते.

या सामन्याला लोक अजून चमत्कार म्हणतात, ते मला पटत नाही. त्या पोरांनी वर्षाअखेरीला सलग तिसरं विजेतेपद मिळवलं. पुढच्याच शनिवारी ओरेगॉननंही मैदान असंच पसरून मिशिगनला ३९-७ असं हरवलं. मोसम संपताना मिशिगनचे प्रशिक्षक लॉइड कार निवृत्त झाले आणि मिशिगननं त्यांच्या जागी आणला रिच रॉड्रिगेझ, याच पद्धतीचा नावाजलेला प्रशिक्षक.