एका किलोत कळ्या किती

मागच्या उन्हाळ्यात मी एक उद्योग केला. मोगऱ्याच्या शंभर कळ्या मोजून वजनकाट्यावर ठेवल्या. 24 ग्रॅम भरल्या. आणखी शंभर ठेवून बघितल्या, 25. म्हणजे किलोला साधारण 4 हजार कळ्या. त्या दिवशी दादरला भाव लागला होता 120 रुपये. मोबाईलवर भागाकार केला तर कळीला 3 पैसे. आईला सांगितलं, तर म्हणाली, "मोजत बसलास तेवढ्यात पावशेर तोडून झाला असता."

आमचा पाडा विक्रमगड तालुक्यात, पालघर जिल्हा. ओहोळाच्या काठाला आमचे सहा-सात गुंठे आहेत, त्यात चार बाय चार फुटांवर 400 झाडं. बाकी वर माळावर भात, नागली, थोडी वरई. ते पावसाचं, आणि तेवढंच. मी बोईसरला कंपनीत कामाला आहे, आठवड्याला शिफ्ट बदलते. रात्रपाळी करून सकाळी घरी पोचतो तेव्हा आई-बाबा मोगऱ्यातून बाहेर येत असतात. दोघांची कंबर वाकलेली, आईच्या पोटाला बांधलेल्या ओच्यात कळ्या.

तोडणी पहाटे चारला सुरू होते. उजाडल्यावर तोडून चालत नाही, कारण कळी बंद असतानाच दादरला पोचायला हवी. ती उमलायची संध्याकाळी, कुणाच्या तरी केसात. डोक्याला बॅटरी बांधायची, एका हातात काठी घ्यायची आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशी दोनदा आपटायची, मग वाकायचं. मोगऱ्याच्या वासाने साप येतात असं सगळे सांगतात. आईचं म्हणणं, साप बेडकांसाठी येतात, आणि बेडूक आपण पाणी सोडतो म्हणून येतात. मला आईचं पटतं. काठी मात्र आपटतोच, कारण एकदा मण्यार निघाली होती.

कळी कुठली तोडायची हे मला शिकायला दोन हंगाम लागले. बॅटरीच्या उजेडात सगळ्याच पांढऱ्या दिसतात. जिच्या टोकाला अजून हिरवट झाक आहे ती उद्याची. जी टपोरी झालीय, दूधासारखी पांढरी, आणि बोटाने दाबली तर किंचित मऊ लागते, ती आजची. आजची राहिली तर झाडावरच फुलते आणि फुललेल्या मोगऱ्याला बाजारात कुणी विचारत नाही. उद्याची चुकून तोडली तर ती उमलतच नाही, हिरवी ती हिरवीच सुकते, आणि मालात अशा दिसल्या की व्यापारी भाव पाडतो. मधेच एखादी जांभळट पडलेली सापडते. तिच्यात अळी असते. ती खिशात टाकायची, बांधावर फेकायची नाही, नाहीतर अळी परत झाडावर चढते. आई हे सगळं न बघता करते. तिचा हात झाडावरून नुसता फिरतो आणि कळ्या ओच्यात पडतात. मी एक झाड संपवतो तेव्हा ती तिसऱ्यावर असते.

साडेसातपर्यंत माल रस्त्याला न्यायचा. तिथे पाच-सहा पाड्यांचा माल एकत्र होतो, वजन होतं, प्रत्येकाच्या पिशवीवर नावाची चिठ्ठी लागते आणि पिकअप मनोरमार्गे हायवेला लागतो. एकदा मी त्यात बसून दादरपर्यंत गेलो होतो. स्टेशनच्या पश्चिमेला मीनाताई ठाकरे फुलबाजार आहे. आत पाय ठेवायला जागा नाही, खाली झेंडूचा चिखल. आमची सहा किलोची पिशवी एका ढिगावर ओतली गेली आणि त्या क्षणाला ती आमची राहिली नाही. कुठल्या कळ्या आईच्या, कुठल्या शेजारच्या वहिनीच्या, काही कळेना. गजरेवाल्या बाया मुठीत घेऊन नाकाला न लावता बोटाने दाबून बघत होत्या, आई बघते तसंच.

पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब आणि पैसे, आठवड्याने येते. त्यात आडत कापलेली, गाडीभाडं कापलेलं. एकदा आम्ही पाठवलेल्या वजनापेक्षा दीड किलो कमी लागलं. विचारलं तर उत्तर मिळालं, "सुकवा". सुकतो माल, खरं आहे. पण नऊ किलोत दीड किलो सुकायला ती काय बोंबील आहे?

भावाचं गणित उलटं. डिसेंबर-जानेवारीत किलोला 700-800 मिळतात, आणि तेव्हा 400 झाडांत मिळून पावशेर निघत नाही. मार्च-एप्रिलमध्ये झाडं पांढरी होतात आणि तेव्हाच सगळ्यांची होतात. लग्नाच्या तारखा आल्या की दोन दिवस भाव चढतो, परत खाली. मागच्या हंगामात सगळा खर्च जाऊन घरात 58 हजार आले. पेपरात "मोगऱ्याने केले लखपती" अशा बातम्या येतात, त्यांतला एखादा शेतकरी खरंच तसा असेलही. आमच्या भागाबद्दल बाहेर लिहून यायचं ते दोनच वेळेला. एकदा 1992 मध्ये, जव्हारकडच्या वावर-वांगणीत कुपोषणाने पोरं दगावली तेव्हा, आणि आता कुणी लखपती झालं की. मधली माणसं कुणाला दिसत नाहीत.

58 हजार म्हणजे काय, ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल. दिवाळी झाली की आमच्याकडे लोक जगायला जातात. शब्द हाच आहे, "जगायला". भिवंडीकडे, वसईकडे वीटभट्टीवर. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलेलं असतं तेव्हा शेठकडून उचल घ्यायची, आणि दिवाळीनंतर ट्रकात बसून ती फेडायला जायचं. मी चौथीपर्यंत दरवर्षी गेलो. आई-बाबा विटा थापायचे, हजाराचा हिशोब व्हायचा, आठवड्याला खर्ची मिळायची. मे अखेरीस हिशोब केला की उचल, खर्ची, दवाखाना सगळं वजा होऊन कधी दोन हजार हातात यायचे, कधी उलट आमच्याकडेच बाकी निघायची. ती बाकी पुढच्या वर्षाची उचल.

मोगरा नेमका त्याच महिन्यांत फुलतो. फेब्रुवारी ते जून. एवढीच त्याची करामत. बाएफ या संस्थेच्या लोकांनी जव्हार भागात आंबा-काजूच्या वाड्या उभ्या केल्या, त्याने पुष्कळांचं भलं झालं, पण कलमाला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात आणि शेठ चार वर्षं थांबत नाही. मोगऱ्याला पहिल्याच वर्षी कळी येते. थोडी येते, पण आठवड्याला पट्टी येते. आता रोजगार हमीतून मोगऱ्याच्या लागवडीलाही पैसे मिळतात. आम्ही लावला तेव्हा रोपं बाबांनी दोन बकऱ्या विकून आणली होती.

बाबा अजूनही म्हणतात, "वीट हजाराने मोजायची, कळी किलोने. पण वीट मोजताना शेठ समोर असायचा."

2020 चा मार्च सांगायलाच हवा. झाडं पांढरी होण्याचे दिवस आणि सगळं बंद. दादर बंद, लग्नं बंद, देवळं बंद. आठ दिवस पाड्यावर असा वास होता की जेवण जाईना. फुललेला मोगरा झाडावर गुलाबी होतो, मग तपकिरी, आणि तो काढला नाही तर पुढची कळी नीट येत नाही. म्हणून आई-बाबा रोज पहाटे उठून तोडतच होते, आणि उकिरड्यावर ओतत होते. त्या वर्षी मीही घरी होतो. आईने तेव्हा रोज दोन गजरे ओवले. एक देव्हाऱ्याला, एक स्वतःला. तिच्या डोक्यात मोगरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

आता नोव्हेंबर संपत आलाय. पंधरा दिवस पाणी तोडून झाडांना ताण दिला होता, या आठवड्यात छाटणी झाली. गुडघ्याएवढे बुंधे उरलेत, बघवत नाही, पण शेणखत टाकून पाणी दिलं की फुटवा धरतील. पाणी आहे तोवर. ओहोळात पोती भरून बंधारा घातलाय, त्यावर मार्चपर्यंत निघतं. पुढे बाबांनी पाण्यासाठी खणलेल्या खड्ड्यातून, डवऱ्यातून, तेही एक दिवसाआड.

काकांची जमीन वर माळावर. वनपट्टा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क, मिळालाय, सातबाऱ्यासारखा कागद पेटीत जपून ठेवलाय, पण तिथे पाण्याचा थेंब नाही. काका-काकू आमच्यापेक्षा कमी राबतात असं कुणी म्हणून दाखवावं. लखपतीच्या बातम्यांत ओहोळ कुणाच्या बांधाला आहे हे लिहीत नाहीत. खालून वर पाणी चढवायला सोलर पंप हवा, त्याचा अर्ज भरून दोन वर्षं झाली. परवा ट्रक आला. काका, काकू आणि धाकटा त्यात बसले. थोरली सातवीत आहे, ती आमच्याकडे राहिली. त्यांच्या तीन बकऱ्या आणि एक कोंबडी पण.

छाटलेल्या काड्यांतल्या जाडसर निवडून आईने दोनशे पिशव्यांत लावल्यात, ओसरीच्या सावलीला. थंडीत काड्या नीट रुजत नाहीत, हे तिला माहीत आहे. थोरली शाळेतून आली की तांब्याने पाणी घालते आणि कुठलीला डोळा फुटला ते मोजते. काल संध्याकाळी सात होत्या.