गेल्स क्रीकची कोल्हेकुई

चहा उघडायचा नाही, असं मला गाडीतच बजावण्यात आलं होतं. आलं-वेलची घातलेला थर्मासभर चहा पायाशी, वरून ऑरेगनचा फेब्रुवारीतला पाऊस, आणि मी कुंपणाच्या खांबाला पाठ लावून गप्प. कारण काय, तर कायोटीला, म्हणजे कोल्ह्यासारख्या इथल्या रानटी जनावराला, वास जातो. "तुझ्या त्या चहाचा वास दरीच्या तोंडापर्यंत जाईल," असं शेजारीआजोबांचं म्हणणं. त्यांच्या जॅकेटला येणाऱ्या डिझेलच्या वासाचं काय, हे मी विचारलं नाही. भल्या पहाटे कुठे वाद घालत बसायचा?

पण ते सकाळचं. मला लिहायचंय ते आदल्या संध्याकाळबद्दल.

ऑरेगनमधल्या हिल्सबरो गावात राहणारी आपली मंडळी समुद्रावर जाताना हायवे ६ धरतात आणि सुसाट टिलामूक गाठतात. चीजचा कारखाना, आइस्क्रीम, फोटो, परत. वाटेत गेल्स क्रीकचं खोरं लागतं, तिकडे कुणी मान वळवून बघत नाही. मीही इतकी वर्षं बघितलं नव्हतं. ऑगस्ट १९३३ मध्ये ह्याच खोऱ्यात लाकूडतोड चालू असताना आग लागली आणि डोंगरच्या डोंगर जळाले. मग १९३९, १९४५, १९५१, दर सहा वर्षांनी पुन्हा आग. १९४९ ते १९७२ ह्या काळात मजूर, कैदी आणि शाळेतली पोरं अशा सगळ्यांनी मिळून ७ कोटी २० लाख रोपं लावली. ज्याला आपण 'आदिम अरण्य' म्हणून फोटो टाकतो, ते डग्लस फरचं शेवाळलेलं रान फार तर माझ्या आईच्या वयाचं आहे.

पाऊस मात्र खरा. डोंगरापलीकडे टिलामूकला वर्षाला ९० इंचांच्या आसपास पडतो. महाबळेश्वरला त्याच्या दुपटीहून जास्त पडतो, पण चार महिन्यांत उरकून मोकळा होतो. इथला ऑक्टोबरात चिकटतो तो मे-जूनपर्यंत हलत नाही. धड कोसळत नाही, धड थांबत नाही. भजी करावीशी वाटावी असा हा पाऊसच नव्हे.

शेजारीआजोबांच्या बहिणीची ह्या खोऱ्यात मेंढरं आहेत. फेब्रुवारी म्हणजे कोकरं होण्याचा हंगाम. राखणीला ग्रेट पिरेनीज जातीचे दोन पांढरेशुभ्र, वासराएवढे कुत्रे आहेत, तरी कोकरं जातच होती. म्हणून आजोबा कायोटी बोलवायला निघाले होते आणि "आवाज ऐकायला येतेस का?" म्हणून त्यांनी मला विचारलं. बंदूक धरायची नाही ह्या अटीवर मी गेले. नवरा म्हणाला, "पावसात भिजून जनावर मरताना बघायला जायचं? त्यापेक्षा कॉस्टकोला जाऊ."

कायोटी आपल्या कोल्ह्याहून थोडा मोठा, लांडग्याहून पुष्कळ लहान. अमेरिकेनं लांडगे मारून जवळजवळ संपवले, तशी त्या मोकळ्या जागेत ही जात पसरत गेली. आता हवाई सोडून प्रत्येक राज्यात आहे, शिकागो शहरातसुद्धा. विष, सापळे, बंदुका, सगळं पचवून वाढली. ऑरेगनात ह्यांच्या शिकारीला बंद हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. कोण जास्त मारतो अशा स्पर्धा चालायच्या, त्या मात्र राज्यानं २०२३ मध्ये बंद केल्या. आजोबांना हा निर्णय पसंत आहे. "स्पर्धेत उतरलेल्याला ऐकायला वेळ कुठे असतो?" म्हणाले.

आणि सगळा खेळ ऐकण्याचाच. संध्याकाळी उंचावर जायचं, जनावर कुठे आहे ते आवाजावरून हेरायचं आणि सकाळी त्याच्या घराजवळ जाऊन बसायचं. दरीच्या तळाशी उभं राहून उपयोग नाही, ओढा भरलेला असतो, त्याच्या खळखळाटात दुसरं काही ऐकू येत नाही. म्हणून आम्ही लाकडं ट्रकमध्ये भरण्यासाठी डोंगराच्या खांद्यावर सपाट केलेल्या एका जागी गेलो. उतरताना दार आपटायचं नाही, नुसतं टेकवून ठेवायचं. मग इंजिन गार होईपर्यंत थांबायचं, कारण गार होताना ते टिक टिक करतं, आणि बॉनेटवर पडलेला थेंब चुर्र करून उडतो. एरवी हे आवाज मला कधी आवाज वाटलेच नव्हते. "तोंड थोडं उघडं ठेव, जास्त ऐकू येतं," आजोबा म्हणाले. खरंच येतं. दोन प्रौढ माणसं अंधार पडताना, पावसात, आ वासून उभी.

आधी त्यांनी सायरन वाजवला. रुग्णवाहिकेचा असतो तसलाच, हातात मावेल एवढ्या भोंग्यातून. कायोटी सायरनला उत्तर देतात, पण त्याच्या रोखानं येत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या हाकेची किंमत कमी होत नाही. उत्तर नाही. पाऊस वाढला. ह्या पावसात तीही कुठेतरी झाडाखाली अंग चोरून बसली असणार, सर थांबली की बाहेर पडतील, म्हणून आम्हीही थांबलो. ही वाट बघणं किती वेळ चाललं सांगता येत नाही. माझ्या बोटांना विचारलंत तर रात्रभर.

सर ओसरली. आजोबांनी गळ्यातली शिटी काढली. तोंडाशी प्लास्टिकची एक उघडी पट्टी, तिच्यावर ओठ कुठे आणि किती दाबले त्यावर सूर ठरतो. त्यांनी फुंकलं आणि 'फुर्र' झालं. ओलाव्यानं पट्टी चिकटली होती. सदऱ्याच्या टोकानं पुसून पुन्हा फुंकलं, पुन्हा फुर्र. मग तोंडानंच हाक देऊन बघितली, पण चाळीस वर्षं सिगारेट ओढलेला तो घोगरा आवाज, कायोटीचा सूर त्याच्या कितीतरी वर. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कर."

कराडजवळ आजोळचा उसाचा मळा. उसात कोल्हे असायचेच, आणि दिवेलागणीला त्यांची कुई सुरू झाली की मी आणि मामेभाऊ गोठ्यामागे जाऊन तशीच कुई द्यायचो. आजी ओरडायची, "भरल्या घरात कोल्हेकुई कशाला गं?" त्यानंतर ह्या विद्येचा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. सीव्हीतही घातलेली नाही. मी दोन्ही हात तोंडाशी धरले, डोळे मिटले (लाज वाटत होती, दुसरं काय) आणि एक लांब, चढत जाऊन शेवटी तुटणारी हाक सोडली.

दरी गप्प. ओढा, थेंब, आजोबांचा श्वास.

आणि मग समोरच्या डोंगरातून उत्तर आलं. आधी एकच सूर, जवळजवळ माझ्याच पट्टीत. तो संपायच्या आत दुसरा त्यात घुसला, मग चिरकणं, भुंकणं, हेल, गिरक्या. वरात अंगावर यावी असा गोंगाट. मी सात-आठ मोजले. आजोबांनी दोन बोटं दाखवली. दोनच. जोडी असते, आवाज इतक्या झरझर बदलतात आणि डोंगर ते असे परतवतात की ऐकणाऱ्याला टोळी वाटावी. खालून मेंढरांचे दोन्ही कुत्रे भुंकायला लागले. माझ्या अंगावर काटा आला होता आणि मी हसत होते. अमेरिकेत आल्यापासून मला नीट न ओळखणाऱ्या कुणी इतक्या उत्साहानं उत्तर दिल्याचं आठवत नाही. आमच्या कॉलनीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच.

"उभी काय राहिलीस, पळ!" आजोबांनी मला रस्त्यानं खाली पिटाळलं. दरीत प्रतिध्वनी फसवतो. आवाज उजवीकडून आल्यासारखा वाटतो, जनावर असतं डावीकडे. म्हणून दोन माणसांनी लांब लांब उभं राहून आपापल्या जागेवरून दिशा धरायची. मी वळणापर्यंत धावले, फोनमधलं होकायंत्र उघडलं, पुन्हा हाक दिली, पुन्हा उत्तर आलं, आकडा लक्षात ठेवला. मग ट्रकमध्ये बसून, टॉर्च दातात धरून, आजोबांनी ओल्या नकाशावर दोन रेघा मारल्या. जिथे छेदल्या तिथे आल्डरच्या झाडांनी भरलेली एक घळ होती, मेंढरांच्या कुरणाच्या थेट वर. "हेच घर," म्हणाले. मी जिंकल्यासारखी टाळी दिली. मग घरी जाऊन झोपले, म्हणजे आडवी झाले.

सकाळ. आता तो चहा न उघडलेला भाग. डोंगरातल्या खोऱ्यात पहाटे गार हवा उतारावरून खाली सरकते, आमच्या तोंडची वाफही कुरणाकडे चालली होती. कायोटी हाकेकडे सरळ येत नाही, वळसा घालून वारा जिकडे जातो तिकडून वास घेतो. म्हणजे घळीतून निघालेल्या जनावराला आमचा वास हवा असेल तर आमच्या खालचं उघडं कुरण ओलांडावंच लागणार. हे गणित आजोबांनी मला कुजबुजत समजावलं. नळीत पाणी जाऊ नये म्हणून बंदुकीच्या तोंडाला त्यांनी काळी इलेक्ट्रिकची पट्टी चिकटवली होती. गोळी ती फाडून जाते, नेमावर फरक पडत नाही. फेब्रुवारी म्हणजे ह्यांच्या जोड्या जुळायचे दिवस, तेव्हा आमिष म्हणून काढलेल्या सशाच्या किंकाळीपेक्षा परक्या मादीची हाक जास्त चालते. ह्या वेळी शिटी चालली. मला हाक द्यायला सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर मी दिली नसती.

तो आला तेव्हा काहीच आवाज झाला नाही. कुरणाच्या कडेच्या नेच्यात पाणी उडालं, बस. मग तो उघड्यावर उभा होता, नाक वर, एक पुढचा पाय उचललेला.

गोळीचा आवाज त्या ओल्या हवेत अगदी बसका वाटला.

जवळ जाऊन बघितला. नर होता, बारा-तेरा किलोचा असेल. वरचे राठ केस भिजून एकमेकांना चिकटलेले, पण बोटानं बाजूला केले तर आतली लोकर कोरडी, अजून ऊबदार. एक सुळा झिजलेला. आदल्या रात्री आधी ऐकू आलेला सूर ह्याचा की दुसरीचा, हे आजोबांना विचारलं. "ते कोण सांगणार?" म्हणाले आणि त्याला उचलून ट्रकमध्ये ठेवला. मला त्यांचा राग आला नाही, बहिणीचा तर नाहीच. कोकरू फाडलेलं मी बघितलंय. माझी चिडचिड वेगळीच होती. इतकं छान बोलणं झालं आणि माझ्याकडून ते हेरगिरीसाठी वापरलं गेलं.

दुपारी बहिणीनं जेवायला वाढलं. कोकराचं मटण, बटाटे, ब्रेड. मटण तिखटाविनाही उत्तम होतं. जे कायोटीपासून वाचवलं ते आम्ही खातोय, हे टेबलावर मी सोडून कुणालाच विनोदी वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी टिलामूकला गेलो, गर्दी होती, आइस्क्रीम चांगलं होतं.

महिनाभरानं आजोबांनी कुंपणावरून सांगितलं की घळीत पुन्हा जोडीचा आवाज येतोय. मोकळी झालेली हद्द फार दिवस मोकळी राहत नाही, दुसरा नर आला असणार. बहीण आता तिसरा कुत्रा आणि रात्री कोकरांना गोठ्यात घ्यायचा विचार करतेय, जे माझ्या मते तिनं आधीच करायला हवं होतं. पण मला कोण विचारतंय. ऑक्टोबरात पुन्हा जायचंय म्हणाले, येशील का? मी म्हटलं, संध्याकाळी येईन, हाकही देईन, पण उत्तर आलं तर दिशा सांगणार नाही. त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाले, "ठीक आहे, मी नवी शिटी घेतो."