किल्ला जंक्शनच्या मागचा किल्ला

बेलापूर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला म्हटलं, "किल्ल्यावर सोडा." तो म्हणाला, "किल्ला जंक्शन ना?" "जंक्शन नाही, किल्ला." त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तिथे किल्ला कुठे आहे?"

त्याचा राग नाही आला. पाम बीच रोडवरून रोज हजारो गाड्या किल्ला जंक्शनला वळतात. महापालिकेचं मुख्यालय तिथेच, समोर तो उंच झेंडा. नाव सगळ्यांच्या तोंडी आहे आणि ज्याचं नाव, तो मात्र बाजूला झाडीत पडून आहे.

मी गेले होते एका फोटोसाठी. बाबांच्या कपाटात एक जुना अल्बम निघाला, त्यात मी सात वर्षांची, बाहीचा फ्रॉक घातलेली, एका दगडी भिंतीच्या कोपऱ्यावर हात ठेवून उभी. मागे बाबांच्या अक्षरात "बेलापूर, दिवाळीची सुट्टी". बाबा आता नाहीत. मला तो कोपरा परत बघायचा होता, बस.

घरातून निघताना मुद्दाम जेल रोडने गेले. आम्ही खारकर आळीतले, त्यामुळे ठाण्याच्या जेलची भिंत लहानपणापासून रोजची. पण तो किल्ला आहे हे मला कॉलेजात असताना कळलं. पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतला आणि तो पुरा व्हायच्या आत १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रज आले. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथल्याच कैदेतून निसटले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी झाली. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्या भिंतीजवळून मी दप्तर घेऊन कित्येक वर्षं गेले आणि मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं, याची खंत अजून वाटते. त्या दिवशी तिथे थांबून नुसतं बघितलं. हा किल्ला उभा आहे, कारण त्याला काम आहे. कैदी आत आहेत म्हणून तटाची निगा राखावी लागते. बेलापूरच्या किल्ल्याला दोनशे वर्षांत कुणी काम दिलं नाही.

ठाणे स्टेशनच्या नऊ नंबर प्लॅटफॉर्मवरून पनवेल गाडी पकडली. रबाळे, घणसोली, तुर्भे... त्या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. बेलापूरला मामेभाऊ न्यायला येणार होता, पण त्याची मीटिंग लांबली म्हणून रिक्षा केली. तो थेट किल्ले गावठाणात भेटला.

गावठाणात शिरलं की रस्ते अरुंद होतात. सिडकोच्या आखीव सेक्टरांमधून आलेल्या माणसाला ते लगेच जाणवतं. दारात सुकत घातलेले बोंबील, तुळशीवृंदावन, त्याला टेकवलेली स्कूटर. एका ओट्यावर बसलेल्या आजींना विचारलं तर त्यांनी हातानेच वर दाखवलं आणि बजावलं, "चपला काढू नको हां पोरी, काच असतात." तिथे चप्पल काढायचा विचार माझ्या मनात आहे हे त्यांना कसं कळलं, कोण जाणे. होता खरा.

हा किल्ला सोळाव्या शतकात सिद्दींनी बांधला असं मानतात. पुढे तो पोर्तुगीजांकडे गेला आणि चिमाजी अप्पांच्या काळात मराठ्यांकडे आला. किल्ला मिळाला तर अमृतेश्वराला बेलाच्या पानांची माळ वाहीन, असा अप्पांनी नवस केला होता आणि त्यावरून बेलापूर हे नाव पडलं, अशी आख्यायिका आहे. इथे १८० माणसांच्या ४ तुकड्या आणि १४ तोफा असल्याची नोंद मिळते. २३ जून १८१७ रोजी कॅप्टन चार्ल्स ग्रेने किल्ला घेतला आणि मग इंग्रजांनी तो बराचसा पाडून टाकला, मराठ्यांना पुन्हा पाय रोवायला जागा उरू नये म्हणून. म्हणजे या किल्ल्याचं पहिलं मोठं नुकसान मुद्दाम, विचार करून केलेलं आहे. शत्रूला त्याची किंमत कळत होती.

भिंतीच्या उरलेल्या भागाशी गेले आणि फोटो हातात धरून कोपरा शोधायला लागले. अर्धा तास गेला. शेवटी सापडला तो खालच्या दगडावरून. त्या दगडाची एक बाजू तिरकी तासलेली आहे, फोटोतही ती स्पष्ट दिसते. फोटोत माझ्या हाताच्या वर चार थर आहेत. आता दोन. तिसऱ्या थरातला एकच दगड जागेवर आहे आणि त्याच्यामागून पिंपळाचं मूळ बाहेर आलंय, माझ्या मनगटाएवढं.

त्या मुळाकडे मी बराच वेळ बघत राहिले. पाखराच्या विष्ठेतून बी पडतं, केसासारखं मूळ चुन्याच्या सांध्यात शिरतं, ओल मिळते, ते जाड होतं आणि दगडाला बाहेर ढकलतं. लोक वरची फांदी छाटून मोकळे होतात. मूळ आत जिवंतच राहतं, आणि मेलं तर कुजून तिथे पोकळी राहते. ते मुळासकट मारून पोकळी पुन्हा चुन्याने भरावी लागते. सांध्यातला चुना बोटाने चाचपला तर त्यात शिंपल्याचे पांढरे कण लागले. किनाऱ्यावर शिंपले भाजूनच चुना करायचे, घाण्यात मळायचे, कुठे त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालायचे. थोडं पुढे कुणीतरी एक सांधा सिमेंटने लिंपलेला होता. हेतू चांगलाच असणार, पण सिमेंट पाणी बाहेर सोडत नाही. आत मुरलेली ओल अडकते आणि मागचा जुना चुना भुसभुशीत होऊन हाताला येतो. तसा तो येतही होता.

मामेभाऊ मागे उभा होता. तो म्हणाला, "ताई, एक विचारू? गावठाणात चार दिवस पाणी नीट येत नाहीये. माणसं त्याने वैतागलीयत. आणि तू दोन थरांसाठी डोळ्यांत पाणी आणतेयस."

त्याचं बोलणं मला लागलं, कारण ते खोटं नव्हतं. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी आग लागली तेव्हाही हेच झालं. जवळजवळ शंभर मीटर उंचीचा तो मनोरा जळत कोसळताना मी फोनवर बघत होते. शेकडो वर्षांच्या ओक लाकडांचं ते छप्पर, ज्याला तिकडचे लोक 'जंगल'च म्हणायचे, एका रात्रीत गेलं. देणग्यांचे आकडे कोट्यवधी युरोंवर गेले तसा तिथल्याच लोकांनी सवाल केला, दगडांसाठी पैसा आहे आणि माणसांसाठी नाही? त्या रागात तथ्य आहे, असंच मला वाटतं.

मी त्याला म्हटलं, "पाण्यासाठी तू बोलशील, आजी बोलतील, गाव हंडे घेऊन जाईल. आणि जायलाच हवं, मीही येईन. पण या भिंतीच्या बाजूने कोण जाणार? तिला तोंड नाही. आणि उशिरा का होईना, नळाला पाणी येईल. हे वरचे दोन थर आता कुणीही आणू शकत नाही."

"नोत्र दाम तर परत बांधलं की."

हो, बांधलं, डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलंही. पण त्या कामाला कशाची मदत झाली हे मी त्याला सांगितलं. अँड्र्यू टॅलन नावाच्या कलाइतिहासाच्या एका अमेरिकन प्राध्यापकाने आगीच्या कितीतरी आधी ती वास्तू लेसरने मोजून ठेवली होती, कमानी, खांब, बाकसुद्धा, अब्जावधी बिंदूंमध्ये. २०१८ मध्ये ते वारले. आग त्यांनी पाहिली नाही, पण पुन्हा उभारणी करणाऱ्यांच्या हाती त्यांची मापं होती. कुणी सांगितलं नसताना एका माणसाला त्या दगडांबद्दल वाटलं, आणि तेही ते धड असताना. माझ्याकडे या कोपऱ्याचा एकच पुरावा आहे, बाबांनी सहज काढलेला एक फोटो. त्यातही अर्धी जागा मीच अडवली आहे.

गावठाणातल्या एखाद्या घराच्या पायात या किल्ल्याचा दगड गेला असेल, तर त्याबद्दल मला कुणावर रागावता येणार नाही. पडीक दगड दिसला, घराला हवा होता, उचलला. त्यांना हा दगड काय आहे हे सांगायला कुणी आलं होतं का? माझी तक्रार आहे ती आपल्या सगळ्यांच्या सवयीवर. कुठली इमारत कोसळली की हळहळायचं, फोटो टाकायचे. ती उभी असते तेव्हा तिच्या सावलीत गाडी लावायची, आणि झाडाची फांदी छाटली की संवर्धन झालं असं समजायचं.

मामेभावाने काही उत्तर दिलं नाही. खाली गेला आणि ओट्यावरच्या आजींकडून शिवणकामाची टेप घेऊन आला. आम्ही तो कोपरा मोजला. तिरक्या दगडाची लांबी, थरांची उंची, मुळाचा घेर. त्याने फोनमध्ये लिहून घेतलं आणि चारही बाजूंनी फोटो काढले. टेप परत करायला गेलो तेव्हा आजींनी विचारलं, किती भरलं? मी सांगितलं, मुळाचा घेर अर्ध्या फुटाच्या वर. त्या म्हणाल्या, तिथे त्या लहान असताना लपंडाव खेळायच्या, भिंत त्यांच्या डोक्याच्या वर होती. किती वर, ते त्यांनी उभं राहून हाताने दाखवलं. मामेभावाने आजींना तसंच उभं राहायला सांगितलं आणि त्यांचाही फोटो काढला, हात वर केलेला.

परवा, पहिल्या मोठ्या पावसानंतर, रात्री त्याचा मेसेज आला. अंधारात टॉर्च मारून काढलेला फोटो, ओली भिंत, पिंपळाचं मूळ. खाली लिहिलं होतं, "ताई, तिसऱ्या थरातला दगड आहे अजून. मूळ मात्र अर्ध्या इंचाने वाढलंय. कुणाला पत्र लिहायचं ते सांग, मी ड्राफ्ट करतो."